जॉन चार्ल्स राइल (१८१६–१९००) : कॅथेड्रल न बांधणारे बिशप

रानवाट

चर्च ऑफ इंग्लंडमधल्या सनातनी पक्षाचा विषय निघाला की अनेकांच्या डोळ्यांसमोर धूप, मेणबत्त्या आणि भरजरी झगे घातलेले धर्मगुरू येतात. एकोणिसाव्या शतकात स्थिती जवळजवळ उलट होती. धूप आणि मेणबत्त्या आणणाऱ्यांकडे त्या काळी नव्या चालीचे लोक म्हणून पाहिले जाई, आणि जुन्या व्यवस्थेचे राखणदार म्हणवणारे इव्हँजेलिकल पाळक या साऱ्याला रोमकडे, म्हणजे कॅथलिक पंथाकडे, जाणारी वाट समजत. त्यांच्या दृष्टीने जुने म्हणजे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने घालून दिलेले : चर्चची श्रद्धामते सांगणारी एकोणचाळीस कलमे, साधी उपासना, प्रवचनाला पहिले स्थान, आणि पवित्र शास्त्राच्या शब्दापुढे परंपरेला दुय्यम मानणे. या पक्षाचा त्या शतकातला सर्वांत वाचला गेलेला लेखक आणि पुढे लिव्हरपूलचा पहिला बिशप म्हणजे जॉन चार्ल्स राइल. त्यांच्या आयुष्यातल्या दोन निर्णयांविषयी मला विशेष लिहायचे आहे. बाकीचे आयुष्य त्या निर्णयांकडे कसे गेले, तेवढ्यापुरते.

राइल यांचा जन्म १० मे १८१६ रोजी चेशायर परगण्यातल्या मॅक्लसफील्ड येथे झाला. घराणे रेशमाच्या धंद्यातून वर आलेले होते. वडील बँकेचे मालक होते आणि १८३२ च्या निवडणूक सुधारणेनंतर मॅक्लसफील्डचे खासदारही झाले. ईटन आणि ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च कॉलेज हा श्रीमंत घरातल्या थोरल्या मुलाचा ठरलेला मार्ग त्यांनी चोखाळला. ग्रीक-लॅटिनमध्ये त्यांनी प्रथम श्रेणी मिळवली आणि विद्यापीठाच्या क्रिकेट संघाचे नेतृत्वही केले. माणसांकडून काम करून घेणे, प्रत्येकाला योग्य जागी उभे करणे आणि न चिडता हुकूम देणे हे आपण क्रिकेटच्या मैदानावर शिकलो, असे त्यांनी उतारवयात आपल्या मुलांसाठी लिहिलेल्या आठवणींत नोंदवले आहे. बिशपपदाची पूर्वतयारी म्हणून हे शिक्षण वाईट नव्हते.

१८३७ साली, आजारपणानंतरच्या दिवसांत, एका चर्चमध्ये इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचला जात होता आणि वाचणारा आठव्या वचनाच्या प्रत्येक तुकड्यापाशी थांबत होता. «कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे» हे वचन तेव्हा त्यांच्या मनात बसले, असे सांगितले जाते. मात्र त्या अनुभवामुळे ते लगेच धर्मसेवेत शिरले, असे मुळीच नाही. संसदेत जायचे आणि वडिलांची मिळकत सांभाळायची हाच बेत कायम होता. जून १८४१ मध्ये वडिलांची बँक बुडाली. सकाळी उठताना सगळे जग हाताशी होते आणि रात्री झोपताना काहीच उरले नव्हते, अशा आशयाचे वर्णन त्यांनी स्वतः केले आहे. घर गेले, जमीन गेली, नोकरचाकर गेले. त्या वर्षाच्या डिसेंबरात विंचेस्टरचे बिशप समनर यांनी त्यांना दीक्षा दिली. दुसरा कोणताही मार्ग दिसत नव्हता म्हणून आपण पाळक झालो, ही कबुली ते पुढे न लाजता देत राहिले. हा प्रामाणिकपणा मला त्यांच्या प्रवचनांपेक्षाही अधिक भावतो, कारण चरित्रकार मंडळी अशा ठिकाणी ईश्वरी पाचारणाचा मुलामा द्यायला टपलेलीच असतात.

न्यू फॉरेस्टमधल्या एक्सबरीला दुय्यम पाळक म्हणून त्यांनी सुरुवात केली, काही काळ विंचेस्टरला काढला आणि १८४४ मध्ये ते सफोकमधल्या हेल्मिंगहॅम या लहानशा खेड्यात गेले. तिथे सतरा वर्षे आणि त्यानंतर स्ट्रॅडब्रोक येथे एकोणीस वर्षे, असे त्यांचे उमेदीचे जवळजवळ सगळे आयुष्य शेतमजुरांच्या गावांत गेले. ऑक्सफर्डी वळणाची भाषा या श्रोत्यांना झोप आणते, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. त्यांनी लांबलचक वाक्ये मोडली, लॅटिन वळणाचे शब्द टाकले आणि एका वाक्यात एकच गोष्ट सांगण्याची सवय लावून घेतली. त्यांच्या पत्रिकांचा, म्हणजे छोट्या धर्मपुस्तिकांचा, जन्म या शैलीतून झाला. मे १८४५ मध्ये ग्रेट यार्मथ येथे नदीवरचा झुलता पूल कोसळला; एक विदूषक टबात बसून हंसांकडून ओढला जाणार, हा खेळ पाहायला गर्दी जमली होती आणि ७९ माणसे मेली, त्यांत मुलेच अधिक होती. त्या घटनेवर राइल यांनी लिहिलेली छोटी पत्रिका ही या कामाची सुरुवात ठरली. पुढे शेकडो पत्रिका निघाल्या, अनेक भाषांत त्यांचे अनुवाद झाले आणि लाखो प्रती खपल्या.

घरगुती आयुष्य मात्र खडतर होते. पहिली पत्नी मटिल्डा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली. दुसरी, जेसी, दीर्घ आजारानंतर १८६० मध्ये गेली आणि पाच मुले मागे राहिली. १८६१ मध्ये हेन्रिएटा क्लोज यांच्याशी तिसरा विवाह झाला. दुसऱ्या पत्नीच्या आजारपणाच्या वर्षांत घरातल्या मुलांना सांभाळणे, प्रवचने देणे आणि रात्री उशिरा घरी परतणे हा त्यांचा क्रम होता. चारही शुभवर्तमानांवरची विवेचनमाला त्यांनी १८५६ पासून १८७३ पर्यंत लिहिली, म्हणजे तिचा बराच भाग या धकाधकीतच लिहिला गेला आहे.

आता १८८०. लिव्हरपूल तोवर चेस्टर धर्मप्रांतात होते. तिथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापण्याचा कायदा १८७८ मध्ये झाला होता. एप्रिल १८८० च्या निवडणुकीत डिझरायली यांचा पक्ष हरला आणि ग्लॅडस्टन येणार हे स्पष्ट झाले. ग्लॅडस्टन यांचा जन्म लिव्हरपूलचाच आणि ते पक्के हाय चर्चवाले, म्हणजे विधी आणि परंपरा यांना महत्त्व देणाऱ्या पक्षाचे. म्हणजे नव्या धर्मप्रांताचा पहिला बिशप ते आपल्या पठडीतला निवडणार, हे उघड होते. लिव्हरपूलच्या हुजूरपक्षी पुढाऱ्यांनी जाता जाता घाई केली. सॉल्सबरीच्या डीनपदी (कॅथेड्रलच्या प्रमुखपदी) नेमणूक झालेले पण अजून तिथे रुजू न झालेले राइल यांना लंडनला बोलावून घेण्यात आले आणि त्यांचा होकार घेतला गेला. ११ जून १८८० रोजी यॉर्क मिन्स्टरमध्ये आर्चबिशप थॉमसन यांच्या हस्ते त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. वय चौसष्ट. मावळत्या सरकारने मतभेदाच्या राजकारणातून केलेली ही नेमणूक होती, याविषयी कोणी आडपडदा ठेवू नये.

पहिला निर्णय कॅथेड्रलचा. नव्या धर्मप्रांताला मुख्य देवालय नव्हते. सेंट पीटर्स हे जुने, अपुरे चर्च तात्पुरते वापरले जात होते. शहर जगातल्या सर्वांत श्रीमंत बंदरांपैकी एक असल्यामुळे भव्य कॅथेड्रल व्हावे असे व्यापाऱ्यांना वाटत होते. १८८५ मध्ये त्यासाठी कायदा झाला, स्पर्धा झाली, आराखडा निवडलाही गेला, आणि १८८८ मध्ये सगळे गुंडाळले गेले. जागेचे आणि पैशाचे प्रश्न होतेच. परंतु बिशपांचा कल आरंभापासून वेगळा होता. आपले पहिले काम माणसे उभी करणे आहे, दगड नव्हे, हे त्यांनी धर्मप्रांतातल्या पाळकांपुढे स्पष्ट मांडले होते. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या धर्मप्रांतात, गोदीकामगारांच्या वस्त्यांमध्ये, एकेका पाळकाच्या वाट्याला हजारो माणसे येत होती. राइल यांनी शास्त्रवाचक आणि घरोघरी जाणाऱ्या बायबल-सेविका यांची संख्या वाढवली, चाळीसहून अधिक नवी चर्च उभी केली, तुटपुंज्या उत्पन्नाच्या पाळकांसाठी साहाय्यनिधी आणि वृद्ध पाळकांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला.

दुसरा निर्णय रेव्हरंड जेम्स बेल कॉक्स यांच्याविषयीचा. प्रिन्सेस रोडवरील सेंट मार्गारेट्स चर्चमध्ये कॉक्स यांनी वेदीवर मेणबत्त्या, विशेष वस्त्रे आणि पूर्वेकडे तोंड करून प्रभुभोजनाचा विधी चालवला होता. जेम्स हेक्स नावाच्या स्थानिक तक्रारदाराने १८८५ मध्ये कायदेशीर कारवाईची मागणी केली. बिशपांनी कॉक्स यांना खासगीत समजावले, विनवले, ते ऐकेनात. बिशपांना कारवाई रोखण्याचा अधिकार होता, तो त्यांनी वापरला नाही. प्रकरण यॉर्कच्या धर्मन्यायालयात गेले, कॉक्स यांनी न्यायालयाचा अधिकारच मानला नाही, आणि मे १८८७ मध्ये त्यांना वॉल्टनच्या तुरुंगात टाकले गेले. सुमारे अडीच आठवड्यांनी ते सुटले. विधींच्या कारणावरून तुरुंगात गेलेले चर्च ऑफ इंग्लंडचे ते शेवटचे पाळक.

माझे मत असे की पहिल्या निर्णयात जी बुद्धी दिसते तीच दुसऱ्या निर्णयात आडवी आली. नियम सर्वांना सारखा आणि तो मोडण्याचा अधिकार बिशपालाही नाही, ही भूमिका पैसे वाटताना न्याय्य ठरली आणि माणूस तुरुंगात जात असताना ताठर ठरली. जाणकारांनी भर घालावी.

मुद्देसूद

लेख आवडला, परंतु शेवटच्या परिच्छेदात तुम्ही बिशपांना फार स्वस्तात सोडले आहे. तुमचे वाक्य वाचून असे वाटते की कायदा एक यंत्र होते आणि बिशप त्यासमोर हात बांधून उभे होते. वस्तुस्थिती तशी नाही. खटला पुढे जाऊ द्यायचा की थांबवायचा हा विवेकाधिकार कायद्यानेच बिशपांकडे सोपवला होता. विवेकाधिकार असलेला माणूस जेव्हा तो न वापरण्याचे ठरवतो, तेव्हा त्यानेही एक निर्णयच घेतलेला असतो. इतर अनेक बिशप त्या काळात अशा तक्रारी सर्रास थांबवत होते आणि त्यांतले काही स्वतः हाय चर्चचे नव्हते.

पार्श्वभूमी सांगतो. १८७४ मध्ये आर्चबिशप टेट यांच्या पुढाकाराने आणि डिझरायली यांच्या पाठिंब्याने सार्वजनिक उपासना नियमन कायदा झाला. उद्देश होता विधींचे भांडण लवकर मिटवण्याचा. परिणाम असा झाला की १८७७ मध्ये आर्थर टूथ, १८८० मध्ये पेलहॅम डेल आणि एनराइट, आणि १८८१ पासून मँचेस्टर धर्मप्रांतातले सिडनी ग्रीन अशी पाळकांची रांग तुरुंगात गेली. ग्रीन तर लँकॅस्टरच्या किल्ल्यात वर्षाहून अधिक काळ होते. तुरुंगवासाची शिक्षा विधीसाठी नसून न्यायालयाच्या अवमानासाठी होती, हे तांत्रिकदृष्ट्या खरे. परंतु सामान्य माणसाला दिसत होते ते एवढेच की मेणबत्ती लावली म्हणून पाळक कोठडीत गेला. लोकमत फिरले. १८८५ मध्ये तक्रार आली तेव्हा राइल यांच्यासमोर हा सगळा अनुभव होता. मँचेस्टर तर शेजारचेच धर्मप्रांत.

खटल्याचा उत्तरार्धही महत्त्वाचा आहे. कॉक्स बंदीप्रत्यक्षीकरणाच्या (हेबियस कॉर्पस) आदेशाने सुटले. हेक्स यांनी त्याविरुद्ध अपील केले आणि प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. १८९० मध्ये लॉर्ड्सनी ठरवले की बंदीप्रत्यक्षीकरणाच्या अर्जावर एकदा सुटका झाली की त्या सुटकेविरुद्ध अपील चालत नाही. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कायद्यात हा निकाल पुढे दीर्घकाळ उद्धृत होत राहिला. एका सनातनी बिशपाने हस्तक्षेप न केल्यामुळे इंग्रजी कायद्यात नागरिकाच्या सुटकेची बाजू भक्कम झाली, हा योगायोग कोणालाही ठरवून घडवता आला नसता.

रानवाट

मुद्देसूदराव, कायद्याची बाजू इतकी नेमकी मांडल्याबद्दल आभार. विवेकाधिकाराविषयीचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. माझ्या लेखात त्यावर पुरेसा भर आलेला नाही.

राइल यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मांडायला हवी. त्यांचा युक्तिवाद असा होता की सामान्य मंडळीच्या सदस्याला न्यायालयात दाद मागण्याचा हक्क आहे आणि तो बिशपाने आपल्या मर्जीने हिरावून घेऊ नये. आज हा युक्तिवाद विचित्र वाटतो, कारण आपल्याला त्या तक्रारदाराविषयी सहानुभूती वाटत नाही. परंतु राइल यांच्या एकंदर लिखाणात सामान्य सदस्यांच्या हक्काचा आग्रह सातत्याने दिसतो. चर्चचा कारभार फक्त पाळक आणि बिशप यांच्या हाती नसावा, गृहस्थ सदस्यांना त्यात खरे स्थान असावे, अवाढव्य धर्मप्रांत मोडून लहान करावेत, अशा सुधारणा त्यांनी बिशप होण्याच्या कितीतरी आधी सुचवल्या होत्या. शिकवणुकीत सनातनी आणि कारभारात सुधारक, असा हा मेळ होता. त्यामुळे हेक्स यांच्या जागी त्यांना एक व्यक्ती दिसत नव्हती, तत्त्व दिसत होते. समोर उभ्या असलेल्या माणसाऐवजी तत्त्व दिसू लागणे, हाच दोष म्हणायचा असेल तर माझी हरकत नाही.

त्यांच्या कार्यकाळात लिव्हरपूलमधली अनेक हाय चर्च मंडळी निर्धोक चालू राहिली हेही नोंदवले पाहिजे. स्वतःहून त्यांनी कोणावर खटला भरला नाही.

गोदातीर

रानवाट ताई, हा धागा पाहून आनंद झाला. आमचे घराणे पिढ्यानपिढ्या ॲंग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, मंडळीतले (१९७० नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे), आणि इंग्लंडातल्या या भांडणाची झळ महाराष्ट्रातही पोचली होती, एवढेच सांगण्यासाठी लिहिते आहे.

राइल ज्या पक्षाचे होते, त्या पक्षाची परदेशी शाखा म्हणजे चर्च मिशनरी सोसायटी. नाशिकजवळच्या शरणपूरची वसाहत याच सोसायटीची. दुसरीकडे पुण्याचे पंचहौद मिशन हे हाय चर्चवाल्यांचे : ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त पाळकांचे आणि वॉन्टेज येथील सेंट मेरीच्या भगिनींचे. मराठी वाचकांना पंचहौद माहीत आहे ते १८९० च्या चहामुळे, ज्यापायी टिळक, रानडे आणि इतर मंडळींवर ग्रामण्याचा (जातीतून बहिष्काराचा) प्रसंग आला. पुण्याच्या सनातन्यांना त्या चहात केवळ पाद्री दिसले. ते पाद्री स्वतःच्या देशात आपल्याच चर्चच्या सनातन्यांच्या रोषाचे धनी होते, ही बाजू त्या वादात कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

याहून बोलके उदाहरण नीळकंठशास्त्री गोरे यांचे आहे. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो चर्च मिशनरी सोसायटीच्या संपर्कातून, म्हणजे राइल यांच्या बाजूच्या लोकांकडून. पुढे विचार करता करता ते हाय चर्चकडे गेले आणि काउली पाळकांच्या संघाशी जोडले गेले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. विधी, परंपरा, तपश्चर्या आणि धर्मगुरूची अखंड परंपरा यांना महत्त्व देणारी उपासना एका शास्त्री घराण्यातल्या माणसाला अधिक जवळची वाटली असेल, तर त्यात मला नवल वाटत नाही. राइल यांच्या पक्षाने या ओढीचा कधी गांभीर्याने विचार केला नाही. त्यांच्या लेखी ती एक अंधश्रद्धा होती आणि विषय संपला.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये वॉन्टेजलाच झाला आणि त्यात गोरे यांच्या पत्रांचा वाटा होता. परंतु रमाबाई त्या भगिनींच्या शिस्तीत बसल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार वाचला की दिसते, चर्चचा अधिकार म्हणून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. शास्त्र स्वतः वाचून पटेल तेच घेणार, हा त्यांचा बाणा होता. बायबल स्वतः वाचण्याच्या बाबतीत त्या राइल यांच्या जवळ आहेत, आणि बिशपाचा अधिकार मानण्याच्या बाबतीत कोणाच्याच जवळ नाहीत. असो, हे अवांतर होते. पण दोन्ही पक्ष आपल्याकडे एकमेकांपासून दीडशे मैलांच्या आत काम करत होते, हे नोंदवावेसे वाटले.

कमान

गोदातीर यांचा प्रतिसाद वाचून मलाही एक मराठी दुवा सांगावासा वाटतो. लिव्हरपूलच्या त्या न बांधलेल्या कॅथेड्रलसाठी १८८६ च्या सुमारास जो आराखडा निवडला गेला, तो विल्यम एमर्सन यांचा होता. मुंबईकरांनी एमर्सन यांची इमारत रोज पाहिलेली आहे : १८६९ चे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. कलकत्त्याचा व्हिक्टोरिया मेमोरियल आणि अलाहाबादचे ऑल सेंट्स कॅथेड्रल हेही त्यांचेच काम.

लिव्हरपूलसाठी त्यांनी मोठ्या घुमटाचे गॉथिक कॅथेड्रल योजले होते. जागा ठरली होती सेंट जॉर्जेस हॉलच्या शेजारी. सेंट जॉर्जेस हॉल ही युरोपातल्या उत्तम नवअभिजात इमारतींपैकी एक मानली जाते. तिच्या खांबांच्या रांगेला लागून गॉथिक घुमट उभा करणे स्थापत्यदृष्ट्या अडचणीचेच होते. तेव्हा कॅथेड्रल न होण्याचे सगळे श्रेय किंवा दूषण बिशपांच्या खात्यावर टाकू नये. व्यापाऱ्यांचा उत्साह स्पर्धेपर्यंत टिकला, वर्गणीच्या वेळी ओसरला; हा अनुभव कोणत्याही शहरातल्या स्मारक समितीला असतो.

पुढचा इतिहास असा की राइल यांच्यानंतर आलेले बिशप फ्रान्सिस चव्हास हेही इव्हँजेलिकलच होते, आणि त्यांनी मात्र कॅथेड्रल मनावर घेतले. नवी जागा निवडली सेंट जेम्स माउंटची टेकडी. स्पर्धा जिंकली जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या बावीस वर्षांच्या तरुणाने, जो स्वतः रोमन कॅथलिक होता. १९०४ मध्ये राजा सातवा एडवर्ड याने कोनशिला बसवली आणि काम संपले १९७८ मध्ये. दोन महायुद्धे मध्ये गेली आणि स्कॉट यांना ते पूर्ण झालेले पाहता आले नाही. राइल यांनी १८८० च्या दशकात हा प्रकल्प हाती घेतला असता, तर त्यांच्या वृद्ध पाळकांचा निधी किती वर्षे लांबला असता याचा अंदाज यावरून करता येईल.

अनुस्वार

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, चर्चमध्ये आपल्याला न पटणाऱ्या गोष्टी इतक्या वाढत असताना राइल त्यातून बाहेर का पडले नाहीत? त्या काळात बॅप्टिस्ट आणि इतर स्वतंत्र मंडळ्यांचा जोर होता आणि स्पर्जनसारखा वक्ता लंडनमध्ये हजारोंना प्रवचने देत होता. दुसरा, त्यांचा मुलगाही बिशप झाला असे कुठेतरी वाचले होते. तोही बापाच्या मताचा होता का?

रानवाट

अनुस्वार, दोन्ही प्रश्न मूळ लेखात यायला हवे होते, इतके ते विषयाला धरून आहेत.

स्पर्जन यांना राइल यांच्याविषयी आदर होता. चर्च ऑफ इंग्लंडमधला उत्तम माणूस, असा त्यांचा उल्लेख त्यांनी केला आहे. शिकवणुकीत दोघांमध्ये फार अंतर नव्हते. तरी राइल बाहेर पडले नाहीत याचे कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे चर्च ऑफ इंग्लंडची लिखित घटना त्यांच्या बाजूने होती. एकोणचाळीस कलमांवर प्रत्येक पाळक सही करतो; त्या कलमांत जे लिहिले आहे ते आपण शिकवतो; तेव्हा घर आपले आहे आणि बाहेर जायचेच असेल तर कलमे न मानणाऱ्यांनी जावे. हा युक्तिवाद त्यांनी आयुष्यभर लढवला आणि इव्हँजेलिकलांना चर्च सोडून जाऊ नका असे परोपरीने सांगितले. चर्च काँग्रेस नावाच्या वार्षिक सभांमध्ये सर्व पक्षांचे लोक एकत्र येत. राइल यांच्याच पक्षातले कडवे लोक तिथे जाणे विटाळ मानत, आणि राइल जात, विरोधकांसमोर बोलत, म्हणून त्यांच्यावर टीका करत. आजही जगभरातल्या सनातनी ॲंग्लिकनांचा भर त्याच कलमांवर आहे. २००८ च्या जेरुसलेम जाहीरनाम्यात त्यांचा पुरस्कार केलेला आहे.

आपल्या पक्षातही ते सरसकट मान डोलावणारे नव्हते. १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या केझिक येथील मेळाव्यांतून अशी शिकवण पसरू लागली की एका समर्पणाच्या क्षणी माणूस पापावर कायमचा विजय मिळवू शकतो. राइल यांनी १८७७ मध्ये पवित्र जीवनावर जो ग्रंथ लिहिला तो मुख्यतः या शिकवणीला उत्तर म्हणून. पवित्रता ही रोजच्या झगड्यातून, हळूहळू आणि मरेपर्यंत अपुरीच साधते, हे त्यांचे म्हणणे. दिवाळखोरी, दोन पत्नींचे मरण आणि तीसहून अधिक वर्षांची खेडेगावातली नोकरी पाहिलेला माणूस क्षणार्धातल्या विजयावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. माझ्या मते त्यांच्या सर्व लिखाणात हे सर्वांत टिकाऊ आहे, आणि ज्यांना विधींच्या वादात काडीचा रस नाही तेही ते वाचू शकतील.

मुलाविषयी. हर्बर्ट एडवर्ड राइल हे केंब्रिजमध्ये १८८८ पासून धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. जुन्या कराराच्या ग्रंथांची रचना आणि काळ यांविषयी जर्मन विद्वानांच्या चिकित्सक पद्धतीचा त्यांनी बऱ्याच अंशी स्वीकार केला. मोशेची म्हणून मानली गेलेली पंचग्रंथी अनेक हातांची आहे, हे मत वडिलांच्या दृष्टीने शास्त्राच्या पायालाच हात घालणारे होते. हर्बर्ट पुढे एक्सेटरचे आणि नंतर विंचेस्टरचे बिशप झाले, १९११ पासून वेस्टमिन्स्टरचे डीन होते. १९२० मध्ये अनाम सैनिकाचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत झाले ते त्यांच्याच काळात, आणि ती कल्पना उचलून धरण्यात त्यांचा मोठा वाटा होता. इतके मतभेद असूनही बापलेकांत अबोला नव्हता. ज्या माणसाला कॉक्स यांच्या बाबतीत तत्त्वाशिवाय काही दिसले नाही, त्याला मुलाच्या बाबतीत मुलगा दिसला, असे कोणी म्हटले तर मी त्याचा प्रतिवाद करणार नाही.

गोदातीर

राइल यांच्या चर्चमधली एक गोष्ट आमच्या मंडळीतल्या एका वृद्ध पाळकांनी आम्हाला शब्बाथ शाळेत सांगितली होती. स्ट्रॅडब्रोकच्या नव्या प्रवचनपीठावर पौलाचे वचन कोरायचे होते : «मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी केवढी दुर्दशा होणार.» सुताराने अक्षरे कोरून झाल्यावर राइल यांनी त्याच्या हातातली पटाशी घेतली आणि «नाही» या शब्दाखाली स्वतः एक खोल रेघ ओढली. माणसाचा स्वभाव कळायला ही हकीकत पुरेशी आहे.

लिव्हरपूलविषयी मात्र माझी एक तक्रार राहते. त्या शहरात दुष्काळानंतर आलेल्या आयरिश कॅथलिकांची प्रचंड वस्ती होती, आणि प्रॉटेस्टंट-कॅथलिक द्वेष तिथे रस्त्यावर उतरत असे. अशा शहरात रोमविरोधी लिखाणासाठी नावाजलेला बिशप पाठवणे, हा त्या शहराचा विचार करून घेतलेला निर्णय नव्हता. राइल स्वतः दंगलखोर मुळीच नव्हते. पण त्यांच्या पत्रिका वाचणारे सगळेच त्यांच्यासारखे क्राइस्ट चर्चमध्ये शिकलेले नव्हते.

मुद्देसूद

गोदातीर यांच्याशी मी सहमत आहे, आणि याच कारणाने मूळ प्रश्नावर मी माझ्या जागी कायम आहे. रानवाट यांनी सांगितलेला सामान्य सदस्याच्या हक्काचा युक्तिवाद तेव्हा टिकला असता, जेव्हा तक्रारदार सेंट मार्गारेट्सच्या मंडळीचा पिडलेला सदस्य असता. त्या चर्चमध्ये नियमाने येणाऱ्या लोकांना कॉक्स हवेच होते. तुरुंगातून सुटल्यावर ते परत त्याच चर्चमध्ये गेले आणि पुढेही तिथेच सेवा करत राहिले. तेव्हा हक्क नेमका कोणाचा राखला गेला, हे बिशपांनी विचारायला हवे होते.

शिवाय पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, लिंकनचे बिशप एडवर्ड किंग यांच्याविरुद्ध तशीच तक्रार झाली. आर्चबिशप बेन्सन यांनी ते प्रकरण धर्मनिरपेक्ष न्यायाधीशाकडे जाऊ न देता स्वतः ऐकले आणि १८९० मध्ये बहुतेक मुद्द्यांवर किंग यांच्या बाजूने निर्णय दिला. वेदीवरच्या मेणबत्त्या वैध ठरल्या, पूर्वाभिमुख उभे राहणे वैध ठरले. विवेकाधिकार असलेला धर्मगुरू काय करू शकतो याचा हा दाखला राइल यांच्या हयातीतलाच आहे. १ मार्च १९०० रोजी ते पदावरून निवृत्त झाले आणि १० जून रोजी लोस्टॉफ्ट येथे वारले; म्हणजे लिंकनच्या निकालानंतर जवळजवळ दहा वर्षे ते बिशप होते. या दहा वर्षांत त्यांनी कॉक्स प्रकरणातल्या आपल्या भूमिकेचा फेरविचार केला होता का, याविषयी त्यांच्या पत्रांत किंवा धर्मप्रांताला दिलेल्या भाषणांत कोणाला काही आढळले असेल, तर ते इथे अवश्य द्यावे.